जुना कर्नल

परवा सकाळी लॅपटॉप सुरू केला आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या. शेवटी शेवटी ‘कर्नल पॅनिक’ असे शब्द! आदल्या रात्री मीच हौसेने लिनक्सची नवी आवृत्ती चढवली होती. त्या लॅपटॉपमध्ये आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या आहेत. मूळ वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या, टंकलेली प्रत तेवढी एकच. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, “आजोबा, फॉरमॅट मारावं लागेल.” पोटात गोळाच आला.

रात्री पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, कुणाला काही पुसू देऊ नका. सुरू करताना एस्केप दाबा, यादी येईल, त्यातला जुना कर्नल निवडा.” तसं केलं आणि दोन मिनिटांत ओव्या समोर! पण मग प्रश्न पडला, की नवा कर्नल आल्यावर हा जुना कुणी जपून ठेवला? मास्तरकीची खोड जात नाही. आठवडाभर वाचत बसलो. त्यातलं थोडं इथे मांडतो.

आधी ‘बूट’ हा शब्द. पायातल्या बुटाला ओढायची पट्टी असते, ती बूटस्ट्रॅप. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपल्यालाच उचलायचं, म्हणजे आपल्याच खांद्यावर आपण बसण्यासारखं. संगणकाची अडचण नेमकी हीच आहे. आज्ञावली वाचून घ्यायला आत आधी एक आज्ञावली हवी! १९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या यंत्राला म्हणून ‘लोड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की पहिला छोटा तुकडा आत येई आणि तो पुढचं ओढून घेई. १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर तर समोरच्या कळा वरखाली करून हा पहिला तुकडा हातानेच भरावा लागे.

आता लिनक्स. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कर्नल लिहीत असल्याचं जाहीर केलं. कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीच्या आज्ञावल्या यांच्यामधला कारभारी. तो हे काम मिनिक्स या दुसऱ्या प्रणालीवर बसून करत होता. पहिल्या काही महिन्यांतच मोडेमला द्यायच्या आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कलाच दिल्या आणि मिनिक्स असलेला भाग बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी तो पुरता लिनक्सवरच आला. म्हणजे ‘संगणक सुरू होत नाही’ हे दुखणं लिनक्सच्या घरात जन्मापासूनचं!

१९९२ मध्ये व्हर्नर आल्मेसबर्गर यांनी लिलो लिहिला. जुन्या पीसीवर हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीचा तुकडा बसवावा लागे, त्यातले आज्ञांसाठी जेमतेम ४४६. एवढ्याशा जागेत फायली वाचण्याची अक्कल मावणार कुठून? म्हणून कर्नल डिस्कवर कुठे आहे ते ठिकाण लिलो आधीच टिपून ठेवी. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, की तो जुन्याच पत्त्यावर जाई. प्रत्येक टप्प्याला आपल्या नावाचं एकेक अक्षर तो पडद्यावर उमटवी. ‘एल आय’ वर थांबला की जाणकार ओळखत, गाडी कुठल्या स्टेशनात अडकली ते.

१९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब सुरू केला, १९९९ मध्ये तो जीएनयू प्रकल्पात आला. ग्रबला फायली वाचता येतात. पत्ता पाठ करण्याऐवजी तो दारावरची पाटी वाचतो. तो कर्नलची यादी समोर ठेवतो आणि नवा चालला नाही तर जुना निवडता येतो. माझ्या ओव्या वाचल्या त्या या यादीमुळे.

मग माझा नवा कर्नल का अडला? डिस्क वाचायची साधनं डिस्कवरच असतात. पुन्हा तोच खांद्यावर बसायचा पेच! म्हणून कर्नलबरोबर एक शिदोरीची फाइल असते, तिचं नाव इनिटरॅमएफएस. माझ्याकडे कर्नल ठेवायचा वेगळा छोटा कप्पा जुन्या कर्नलांनी भरून गेला होता, त्यामुळे नव्याची शिदोरी बांधलीच गेली नाही. पुतण्याने फोनवर सांगितलं तसं चालता कर्नल ठेवून त्याहून जुने दोन काढले, शिदोरी पुन्हा बांधायला लावली, ग्रबची यादी ताजी केली. नवा कर्नल निमूट सुरू झाला.

गंमत पाहा. सगळं जुनं साठलं म्हणून अडलो आणि एक जुनं राहिलं म्हणून वाचलो. नवं नीट चालेपर्यंत शेवटचं चालणारं जपावं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याच्याही भरवशावर निर्धास्त राहू नये. जुलै २०२० मध्ये ग्रबमध्येच ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली, आणि तिच्यावरच्या दुरुस्तीमुळेच काही संगणक सुरू होईनासे झाले होते.

कर्नल पुन्हा बसवता येतो. आईच्या ओव्या पुन्हा कोण म्हणणार? आता एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे, एक पुतण्याकडे. तुम्हीही आज रात्री अपग्रेड करणार असाल तर आधी तेवढं करा. असो.