संपंगी तलाव ते कंठीरव स्टेडियम : मैदानाचे बिल कोण भरते?

बंगळूरुला कधी गेलात तर कस्तुरबा रोडवरच्या श्री कंठीरव स्टेडियमला एक फेरी मारा. आतला ट्रॅक आणि गॅलरी पाहून झाली की आवाराच्या कडेला कुंपण घातलेले एक छोटे कुंड शोधा. वर्षभर त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पण चैत्र पौर्णिमेच्या सुमारास करग उत्सव येतो, आणि द्रौपदीला आदिशक्ती मानणारा तिगळ समाज विधींसाठी या पाण्यापाशी येतो. हे कुंड म्हणजे एका मोठ्या तलावाचा उरलेला तुकडा आहे. तलावाचे नाव संपंगी. स्टेडियम उभे आहे ते याच तलावाच्या तळावर.

या पाठाचा विषय आहे मोठ्या क्रीडांगणांचा सार्वजनिक खर्च. तुम्ही म्हणाल, यात इतिहासाचे काय काम? सिमेंट, लोखंड आणि दिव्यांचा हिशेब अभियंता देईल. पण असा हिशेब बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि उद्घाटनाला संपतो. त्या आधीची शंभर वर्षे आणि नंतरची पन्नास वर्षे त्यात येत नाहीत. ती मोजायची तर इतिहासच लागतो.

बंगळूरु पठारावर वसले आहे आणि शहराला जवळची मोठी नदी नाही. म्हणून पावसाचे पाणी उतारावर अडवून एकाखाली एक तलाव बांधण्याची पद्धत इथे शतकानुशतके होती. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात जाई. सोळाव्या शतकात केंपेगौडाने शहर वसवले. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या नावाशी यांतले बरेच तलाव जोडले जातात. संपंगी हा पेट, म्हणजे जुने बाजारी शहर, आणि १८०९ पासून उभी राहिलेली इंग्रजांची छावणी यांच्या मधोमध होता. त्याच्या पाण्यावर तिगळ माळ्यांच्या बागा पिकत. गाळाची माती विटांना उपयोगी पडे, काठावर गुरे चरत.

मग १८९६ च्या सुमारास हेसरघट्टा जलाशयाचे पाणी नळाने शहरात आले. हा क्षण नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट इथून वळते. पिण्याचे पाणी दुरून येऊ लागल्यावर शहराच्या मधला तलाव नागर लोकांना ‘निरुपयोगी’ वाटू लागला. बागाईतदारांना पाणी हवे होते, छावणीच्या बाजूला कोरडी, सपाट जागा हवी होती. पोलोसाठी मैदान, फिरण्यासाठी मोकळी जागा, पुराच्या आणि डासांच्या तक्रारी, असे बरेच काही त्यात होते. या तलावाच्या बदलत गेलेल्या नकाशांवर हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपशीलवार संशोधन केले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नकाशांत पसरलेले पाणी १९३० च्या दशकापर्यंत एका कुंडाएवढे उरते. तेव्हा तलाव स्टेडियमने गिळला असे म्हणणे घाईचे ठरेल. तो आधीच कोरडा केला गेला होता. स्टेडियम रिकाम्या ठरवलेल्या जागेवर आले. बाजू कोणाची भक्कम होती, हे वेगळे सांगायला नको. माळ्यांची उपजीविका पाण्यावर होती, पण शहराच्या नियोजनात त्यांना आवाज नव्हता.

अर्थशास्त्राच्या तासाला तुम्ही ‘संधी खर्च’ ही संज्ञा शिकला असाल: एखादी वस्तू एका कामाला लावली की तिच्या दुसऱ्या उत्तम उपयोगाला आपण मुकतो, ते मुकणे हाच तिचा खरा खर्च. स्टेडियमच्या अंदाजपत्रकात सरकारी जमीन बहुतेकदा फुकट धरलेली असते. सरकारचीच जमीन, सरकारचेच काम, मग किंमत कशाला लिहायची? शहराच्या मध्यवस्तीतल्या कितीतरी एकरांची किंमत अशा रीतीने कागदावर शून्य होते. तलावाचे तर बाजारमूल्यही नव्हते. भूजल मुरवणे, पुराचे पाणी झेलणे, बागा पोसणे, या कामांची पावती कोणी फाडत नाही.

आज त्याच शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळपास पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ चा, पाचवा २०२४ मध्ये सुरू झाला. एकटा संपंगी राहिला असता तर हा पंप बंद ठेवता आला असता, असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. पण संपंगी एकटा नव्हता. धर्माम्बुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक झाले. शूले तलावाच्या जागी फुटबॉल स्टेडियम, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तलावात हॉकी स्टेडियम, चल्लघट्ट्यात गोल्फचे मैदान. खेळाच्या नावावर गेलेल्या तलावांची ही यादीच पाहा. बंगळूरुत खेळाडूंनी पाण्यावर जेवढे आक्रमण केले तेवढे बिल्डरांनीही केले नसेल, असे गमतीने म्हणावेसे वाटते. गंमत पूर्ण खरी नाही, पण पूर्ण खोटीही नाही.

आता १९९७ कडे येऊ. त्या वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा बंगळूरु आणि म्हैसूरला झाल्या. कंठीरवचे आजचे रूप त्या स्पर्धांसाठीचे. कोरमंगलात खेळाडूंसाठी ‘नॅशनल गेम्स व्हिलेज’ ही वसाहत उभी राहिली, तीही जुन्या कोरमंगला तलावाच्या भागात. शहरातले उरलेले तलाव राखावेत अशी शिफारस लक्ष्मण राव समितीने १९८० च्या दशकातच केली होती. मोठ्या स्पर्धेची तारीख ठरली की अशा शिफारशी मागे पडतात, कारण तारीख पुढे ढकलता येत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्याच्या बालेवाडीत शिवछत्रपती क्रीडा संकुल असेच तारखेच्या रेट्यात उभे राहिले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांमुळे त्याला पुन्हा एकदा मोठे काम मिळाले. दोन मोठ्या प्रसंगांमध्ये चौदा वर्षे. या चौदा वर्षांत गवत वाढतच असते, छप्पर गळतच असते आणि पाणी-विजेचे बिल येतच असते.

देखभालीचा खर्च समजून घ्यायला कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी तिथे स्टेडियम बांधले. स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्याचा मनोरा अपुरा होता आणि छप्परही नव्हते. कर्ज फेडण्यासाठी क्यूबेक प्रांताने तंबाखूवर खास कर बसवला. ते कर्ज २००६ मध्ये फिटले. म्हणजे ज्यांनी ते ऑलिंपिक पाहिले नाही, जे तेव्हा जन्मालाही आले नव्हते, त्यांनीही सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे त्याची किंमत मोजली. गोलाकार स्टेडियमला लोक लाडाने ‘बिग ओ’ म्हणत. इंग्रजीत ‘ओ’ या उच्चाराचा एक अर्थ ‘देणे असणे’ असाही होतो, आणि मॉन्ट्रियलकरांनी ही कोटी सोडली नाही. कर्ज फिटले तरी खर्च थांबला नाही. २०२४ मध्ये नव्या छपरासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलरची घोषणा झाली.

कंठीरवचा खर्च या प्रमाणाचा नाही, पण दुखणे त्याच जातीचे आहे. सिंथेटिक ट्रॅक कायमचा नसतो, काही वर्षांनी तो उखडून नवा घालावा लागतो. ट्रॅक कोणासाठी, हा वाद वेगळाच. २०१४ पासून बंगळूरु एफसी हा व्यावसायिक फुटबॉल संघ इथे खेळू लागला, आणि सराव करणारे धावपटू व त्यांचे प्रशिक्षक यांनी तक्रार केली की सरकारी ट्रॅकवर आम्हालाच जागा नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २०१९ मध्ये तर या संघाचे घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत न्यायची वेळ आली होती; शेवटी परवानगी मिळाली आणि ते बंगळूरुतच झाले. स्टेडियम रिकामे ठेवले तर तोटा, भाड्याने दिले तर ज्यांच्यासाठी बांधले ते बाहेर. सरकारी मालकीच्या बहुतेक मोठ्या क्रीडांगणांची ही कोंडी आहे.

दुसरी बाजूही पाहू. २०२१ मध्ये पुनीत राजकुमार गेले तेव्हा अंत्यदर्शनासाठी लोटलेली गर्दी कंठीरवनेच सामावली. २० मे २०२३ ला सिद्धरामय्यांचा शपथविधी इथे झाला. जुलै २०२५ मध्ये नीरज चोप्राच्या नावाची भालाफेक स्पर्धाही इथेच. शहराला मोठे अंगण लागते, आणि अंगणाची किंमत फक्त तिकिटांत मोजता येत नाही.

जवळच चिन्नास्वामी स्टेडियम आहे. तिथला पहिला कसोटी सामना १९७४ चा, वेस्ट इंडिजविरुद्ध. हे स्टेडियम क्रिकेट संघटना चालवते आणि संघटना श्रीमंत आहे. म्हणजे इथे सार्वजनिक खर्च नाही असे वाटेल. पण पोलीस बंदोबस्त, रस्ते बंद होणे, मेट्रोवरचा ताण ही किंमत शहर भरते. मुंबईत आयपीएलच्या बंदोबस्ताचे दर राज्य सरकारने २०२३ मध्ये घटवले आणि ती सवलत मागील तारखेपासून लागू केली, तेव्हा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरुत पाण्याची ओरड होती. चिन्नास्वामीच्या हिरवळीसाठी कब्बन पार्कच्या शुद्धीकरण केंद्रातले प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे लागले. संपंगीचा तळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आणि मग ४ जून २०२५. विजयोत्सवासाठी लाखोंची गर्दी जमली, स्टेडियमच्या दारांबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती जॉन मायकेल डी’कुन्हा आयोगाने अशा मोठ्या जमावासाठी ही जागा अयोग्य ठरवली. महिला विश्वचषकाच्या यजमान शहरांत बंगळूरुची जागा नवी मुंबईने घेतली. ऑगस्टपर्यंत राज्य सरकारने उत्तर पुढे केले : शहराच्या दक्षिणेला बोम्मसंद्रजवळ सूर्यनगरात ८०,००० प्रेक्षकांचे नवे क्रीडा संकुल, सुमारे १०० एकर, सुमारे १,६५० कोटी रुपये, निधी कर्नाटक गृहनिर्माण मंडळाकडून. गृहनिर्माण मंडळ हे शब्द पुन्हा वाचा. घरे बांधण्यासाठी असलेल्या संस्थेचा पैसा आणि तिची जमीन मैदानाला लागली, तर न बांधलेली घरे कोणत्या रकान्यात लिहायची? गर्दीचा प्रश्न खरा आहे, जुनी जागा अपुरी आहे हेही खरे. तरीही माझे मत असे की १,६५० कोटींच्या आकड्याशेजारी पुढच्या तीस वर्षांची देखभाल लिहिल्याशिवाय तो आकडा विधानसभेसमोर येऊ नये.

पुढच्या तासाला येताना एक काम करून या. तुमच्या जिल्ह्यातले सगळ्यांत मोठे क्रीडांगण निवडा. त्या जागेवर पन्नास वर्षांपूर्वी काय होते ते घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला विचारा. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर किंवा तुमच्या राज्यातल्या तशाच दप्तरात पाहा. आणि गेल्या वर्षी तिथे किती दिवस खेळ झाला, किती दिवस सभा, लग्ने आणि प्रदर्शने झाली, हे तिथल्या रखवालदाराला विचारा. कार्यालयापेक्षा त्याचा हिशेब बहुधा अधिक अचूक असतो.