ग्वाश रंग आणि आमचा विसरलेला वारसा

चित्रकला शिकूं लागलेल्या तरुणांच्या तोंडीं हल्लीं ‘ग्वाश’ हा शब्द वारंवार ऐकूं येतो. नागपुरांतील ज्या तरुणांशीं या विषयावर आमचें बोलणें झालें, त्यांपैकीं बहुतेकांचा समज असा दिसला कीं, हें माध्यम परदेशांतून नव्यानेंच आलेलें आहे. शब्द परदेशी आहे हें खरें; इटालियन भाषेंतून तो फ्रेंच भाषेंत गेला व अठराव्या शतकांत तेथें रूढ झाला. वस्तु मात्र परकी नाहीं. हिंदुस्थानच्या चित्रकलेचा फार मोठा इतिहास ग्वाशच्याच जातीच्या रंगांनीं लिहिला गेला आहे. आणि ही गोष्ट ध्यानांत न राहिल्यानें आमच्या एका अमोल ठेव्याची हानि झाली आहे.

प्रथम जातिभेद स्पष्ट करूं. कोणताहि रंग म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि तिला धरून ठेवणारा बंध. तैलरंगांत हा बंध बहुधा जवसाच्या तेलाचा. ज्या जवसाचीं निळीं फुलें नागपूर प्रांताच्या शेतांतून पिढ्यान्‌पिढ्या डोलत आलीं, त्याचेंच हें तेल. तें हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश घट्ट होतें. म्हणून तैलचित्रकारास दिवसचे दिवस थांबावें लागतें. पारदर्शक जलरंगांत डिंक असतो व रंगाचा थर इतका पातळ असतो कीं, खालचा कागदच प्रकाश पुरवितो. सां. ल. हळदणकर यांचें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील दीपधारिणी स्त्रीचें चित्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस या पद्धतीचें सामर्थ्य सांगावयास नको. ग्वाशमध्यें बंध डिंकाचाच. परंतु रंगद्रव्य अधिक, आणि पुष्कळदां त्यांत खडू किंवा पांढरा रंग मिसळलेला. त्यामुळें तो खालचें झांकून टाकतो, आणि प्रकाश कागदावरून न येतां रंगाच्या पृष्ठभागावरूनच परततो. विसाव्या शतकाच्या मध्यास आलेला ॲक्रिलिक रंगहि पाण्यांत कालवतात; पण एकदां वाळला म्हणजे तो पुन्हां पाण्यास दाद देत नाहीं. ग्वाश केव्हांहि ओल्या कुंचल्यानें जागा होतो. इलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांच्या निमित्तानें घरोघरीं पोंचलेला पोस्टर कलर हा या ग्वाशचाच स्वस्त, धाकटा भाऊ होय.

आतां आमच्या घरचा इतिहास पाहूं. रामटेकजवळचें नगरधन म्हणजे वाकाटकांचें नंदिवर्धन. त्याच वंशाची दुसरी शाखा वत्सगुल्मास, म्हणजे आजच्या वाशीमास, राज्य करीत होती. या शाखेंतील हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, असें तेथील शिलालेखच सांगतो. काळ पांचव्या शतकाचा उत्तरार्ध. या लेण्यांतील चित्रांस ‘फ्रेस्को’ म्हणण्याची चाल पडली आहे, परंतु ती चुकीची आहे. खऱ्या फ्रेस्कोंत ओल्या चुन्यावर रंग देतात व चुनाच तो धरून ठेवतो. अजिंठ्यास खडकावर भुसा व वनस्पतींचे तंतु घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा हात, आणि तो वाळल्यावर सरसांत कालवलेले रंग अशी रीत आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा हे रंग. आणि निळा तेवढा दूरच्या बदख्शानांतील लाजवर्द दगडाचा. पाण्यांत कालविलेला, झांकणारा, निस्तेज पृष्ठभागाचा रंग! ग्वाशचें वर्णन याहून निराळें तें काय?

ही विद्या केवळ हातांत नव्हती, ग्रंथांतहि होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त वज्रलेपाची कृति दिली आहे. म्हशीचें ताजें कातडें पाण्यांत लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवावें, त्याच्या कांड्या करून वाळवाव्या, आणि लागेल तेव्हां ऊन पाण्यांत विरघळवून रंगांत घालाव्या. पुढें मोगल, राजस्थानी व दख्खनी दरबारांत भिंतीची जागा कागदानें घेतली आणि सरसाच्या जागीं मुख्यतः डिंक आला. पण पांढरा लेप देऊन त्यावर झांकणारे रंग चढवीत जाण्याची पद्धत तीच राहिली. चित्र उलटें ठेवून मागून अकीकाच्या गोट्यानें घोटीत, तेव्हां रंगास जी झिलई येई ती तेलावांचून येई.

मग हानि कोठें झाली? 1844 सालीं रॉबर्ट गिल यांस अजिंठ्याच्या नकला करण्यास नेमण्यांत आलें. 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेंतील ग्रिफिथ्स व त्यांचे शिष्य यांनीं तेंच काम बारा-तेरा वर्षें केलें. दोघांच्याहि नकला तैलरंगांत झाल्या आणि त्यांतील पुष्कळ इंग्लंडांत आगींत जळाल्या. त्यांच्या श्रमांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु मळलेले रंग उठून दिसावे म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळीं मूळ चित्रांवर वार्निश चढविण्यांत आलें. 1920 ते 1922 या काळांत निजाम सरकारनें बोलाविलेले इटालियन तज्ज्ञ चेकोनी व ओर्सिनी यांनीं चित्रांचे पोपडे मोठ्या कौशल्यानें सांवरले, पण त्यांनींहि वर लाखेचा लेप दिला. हे लेप काळानें पिवळे पडले आणि ते उतरविण्यांत पुरातत्त्व खात्याचीं पुढें कित्येक वर्षें गेलीं. हेतु सर्वांचा चांगला होता. तैलचित्रावर वार्निश शोभतें, कारण त्याचा पृष्ठभाग मुळांतच स्निग्ध असतो. सरसाच्या रंगाचें सौंदर्य त्याच्या कोरडेपणांत असतें. एका जातीच्या रंगास दुसऱ्या जातीचा न्याय लाविला, एवढीच चूक. पण तिचा दंड दीड हजार वर्षांच्या चित्रांनीं भरला.

परंपरा तुटली असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. नागपूर वसविणारा बख्त बुलंद हा गोंड राजा. 1956 पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती, त्यांतच मंडल्याचा गोंड मुलूखहि होता. तेथील पाटणगडचा जनगढसिंह श्याम 1980 नंतर भोपाळास गेला व भिंतीवरच्या मातीचें काम कागदावर पोस्टर कलरनें करूं लागला. त्याचा हात अडखळला नाहीं. मातीचा सपाट, झांकणारा रंग त्याच्या ओळखीचाच होता.

नवशिक्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. पांढरा, काळा, गेरूचा तांबडा, पिवळी माती आणि एक निळा, एवढे रंग प्रारंभास पुरेत. रंग दुधाच्या सायीइतका दाट ठेवावा. फार जाड थर वाळतांना तडकतो. वाळल्यावर फिकट छटा किंचित् गडद व गडद छटा किंचित् फिकट होते, म्हणून आधीं कागदाच्या तुकड्यावर पाहावी. गडदावर फिकट देण्यास हरकत नाहीं, पण कुंचला घोळवीत बसूं नये. खालचा थर उठतो. नागपूरच्या वैशाखांत रंग तबकडींतच वाळतो, तेव्हां तिच्याखालीं ओलें फडकें असावें. आणि चित्र पुरें झाल्यावर त्यावर वार्निश देण्याचा मोह टाळून तें कांचेआड ठेवावें. हा शेवटचा धडा आम्हीं अजिंठ्यास फार महाग विकत घेतला आहे.