चिपवाल्यानंच दुकान थाटलं तेव्हा

एखादी कंपनी "आता हा पार्ट आम्हीच बनवणार" असं जाहीर करते, तेव्हा बातम्यांत त्याचं फार कौतुक होतं. आज मी तुम्हाला अशा एका कंपनीची गोष्ट सांगणार आहे, जिनं हे कौतुकासाठी नाही, तर जीव वाचवायला केलं. कंपनीचं नाव कमोडोर.

जॅक ट्रॅमेल हे तिचे संस्थापक. जन्म पोलंडचा, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला माणूस. अमेरिकेत टाइपरायटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकात खिशात मावणारे कॅलक्युलेटर विकू लागले. आतली चिप यायची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून. कमोडोर ती आपल्या डब्यात बसवायची आणि विकायची. धंदा झकास चालला होता.

पण 1972 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं स्वतःचे कॅलक्युलेटर बाजारात आणले. आता बघा, काल जो तुम्हाला माल पुरवत होता, त्यानंच शेजारी दुकान थाटलं! चिप त्याची, किंमत तोच ठरवणार. भाव इतके कोसळले, की अशा चिपा विकत घेऊन जगणाऱ्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. बोमर नावाची मोठी कंपनी 1975 मध्ये दिवाळखोरीत गेली. कमोडोरही तोट्यात बुडाली. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं म्हणतात ना, ते हेच.

ट्रॅमेलनी धडा घेतला. 1976 मध्ये कमोडोरनं पेनसिल्व्हेनियातली मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली. कॅलक्युलेटरच्या मंदीत तीही अडचणीत होती. ट्रॅमेलना हव्या होत्या कॅलक्युलेटरच्या चिपा. पण सौद्यात त्याहून मोठं काहीतरी हाती आलं: 6502 नावाचा प्रोसेसर आणि तो घडवणारे चक पेडल. मोटोरोलाचा प्रोसेसर सुरुवातीला 300 डॉलरच्या घरात होता, तिथे 1975 मध्ये 6502 विकायला आला 25 डॉलरला! वॉझ्नियॅकनं पहिला अ‍ॅपल संगणक बनवला तो याच चिपवर.

पेडलनी ट्रॅमेलना पटवलं, की कॅलक्युलेटर सोडा, संगणक बनवा. 1977 मध्ये कमोडोर पेट आला, नंतर व्हिक-20, आणि 1982 मध्ये कमोडोर 64. त्याची चित्रांची चिप आणि आवाजाची चिप, दोन्ही मॉसमध्येच घडल्या. चिप फसली तर तिथेच दुरुस्त करून पुन्हा बनवायची, पुरवठादाराच्या रांगेत उभं राहायचं नाही. सुरुवातीला 595 डॉलर असलेली कमोडोर 64 ची किंमत वर्षभरात 200 च्या आसपास आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा घरगुती संगणकही याच बाजारात होता. चिपचा कारखाना त्यांच्याकडेही होता, पण भावाच्या या लढाईत त्यांना आपलं यंत्र 99 डॉलरपर्यंत उतरवावं लागलं. 1983 मध्ये त्यांनी घरगुती संगणकांचा धंदाच सोडला. ट्रॅमेलची परतफेड पूर्ण झाली!

इथेच थांबलो, तर गोष्ट फार गोड होईल. पण कारखाना घरी आणला की त्याचा खर्चही घरी येतो. चिप बनवण्याचं तंत्र दर काही वर्षांनी जुनं होतं, नव्या यंत्रांत पैसा ओतत राहावं लागतं. ट्रॅमेल 1984 च्या जानेवारीत कंपनीतून बाहेर पडले आणि पुढे कारखाना मागे पडत गेला. 1992 च्या नव्या अमिगा संगणकांसाठी लिसा नावाची महत्त्वाची चिप ह्यूलेट-पॅकार्डकडून बनवून घ्यावी लागली. 1994 मध्ये कमोडोर संपली. आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. मॉसच्या जमिनीखालच्या टाकीतून सफाईचं रसायन गळून भूजलात गेलं होतं. ती जागा 1989 मध्ये अमेरिकी सरकारच्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत गेली. घरचं उत्पादन म्हणजे घरचा कचरासुद्धा.

मग शहाणपण कशात? 6502 च्या रचनेत हात असलेले बिल मेन्श मॉस सोडून अ‍ॅरिझोनात स्वतःची छोटी कंपनी चालवत होते. 1983 मध्ये ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर तिथे गेले. एवढीशी मंडळी प्रोसेसर आखतायत, हे पाहून त्यांना वाटलं, मग आपल्यालाही जमेल. त्यांनी चिप स्वतः आखली, पण छापून घेतली बाहेरून. 1985 मध्ये ती हातात आली. तिचं नाव आर्म. तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्यातला प्रोसेसर जवळपास नक्की त्याच घराण्यातला आहे. अ‍ॅपलही 2010 च्या ए-4 पासून फोनच्या चिपा स्वतः आखते आणि बाहेर बनवून घेते.

म्हणून मला वाटतं, "सगळं घरीच" की "सगळं बाहेरून", हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते असं: उद्या माझा पुरवठादारच माझ्यासमोर दुकान मांडून बसला, तर कोणत्या गोष्टीवाचून मी मरेन? ती घरी ठेवायची, आणि तिचा खर्च दरवर्षी उचलायची तयारीही ठेवायची. कमोडोरला पहिली अर्धी गोष्ट कळली होती.

भेटू पुढच्या भागात!