कच्च्या वहीची बॅटरी

मागच्या वर्षीचा मे महिना. शेजारच्या काकांचा फोन आला. काका वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात तीसेक वर्षांपासून मुनीम आहेत.

"बेटा, आमचा कॉम्प्युटर सकाळी चांगला चालते. दुपार झाली की मरगळून जाते. एक बिल्टी सेव्ह कराले चहा पिऊन होते."

नागपूरहून अमरावती रोडने निघालात की वाडी लागते. दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, टायरवाले आणि ट्रकच्या रांगा. इथला धंदा बिल्टीवर चालतो. माल कोणाचा, कुठे चालला, किती नग, भाडं किती, ड्रायव्हरला अॅडव्हान्स किती दिला, हे सगळं बिल्टीवर आणि तिच्यासोबतच्या व्हाउचरवर येतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. हार्डवेअर हा माझा प्रांत नाही. पण आपल्याकडे 'कॉम्प्युटर इंजिनीअर' म्हटलं की प्रिंटरपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात पडतं. गेलो.

मशीन म्हणजे एक सेकंड-हँड वर्कस्टेशन होतं. जड डबा, आत चार हार्ड डिस्क, त्या सांभाळणारं एक कंट्रोलर कार्ड आणि त्या कार्डाला दोन तारांनी जोडलेली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी बॅटरी. आधी मी अँटिव्हायरसवर संशय घेतला, मग नेटवर्कवर, मग अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरवर. शेवटी कार्डाची नोंदवही उघडली तेव्हा उत्तर दिसलं. रोज दुपारी एकच्या सुमाराला एकच ओळ: बॅटरीचं तापमान जास्त, चार्जिंग थांबवलं, राइट-थ्रू चालू. रात्री नऊनंतर दुसरी ओळ: तापमान ठीक, राइट-बॅक चालू.

म्हणजे दुपारी मशीन बिघडत नव्हतं. दुपारी ते खरं बोलत होतं. हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

दोन वह्या

हिशेब लिहिणाऱ्या माणसाची जुनी अडचण अशी की व्यवहार घाईत होतो आणि नीट लिहायला वेळ लागतो. त्यावरचा उपायही जुना आहे. दोन वह्या ठेवायच्या. घडेल तसं पटकन पहिलीत टिपायचं आणि निवांतपणे दुसरीत उतरवायचं. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या पाद्र्याचं गणितावरचं मोठं पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या हिशेबाच्या भागात तीन वह्या सांगितल्या आहेत: घडेल तसं टिपायची कच्ची वही, मग तारीखवार रोजनिशी आणि शेवटी खातेवही. आपल्याकडे हीच जोडी कीर्द-खतावणी या नावाने ओळखीची आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल आहेत. रोजचा जमाखर्च त्या त्या दिवशी मोडीत लिहिलेला.

या पद्धतीत एक धोका आहे. मुनीम "लिहून घेतलं" म्हणतो तेव्हा ते फक्त कच्च्या वहीत असतं. पक्क्या वहीत जाण्याआधी कच्ची हरवली, तर "लिहून घेतलं" हे खोटं ठरतं. म्हणून कच्ची वहीसुद्धा जपून ठेवायची असते.

कॉम्प्युटरमध्ये पक्की वही म्हणजे डिस्क. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार आणि जागा सुमारे ५० लाख अक्षरांची. आज खिशातल्या फोनमधला एक फोटो एवढी जागा सहज खातो. पण फिरणाऱ्या तबकडीची मूळ अडचण अजूनही तीच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघायची. आपल्याला हा वेळ काहीच नाही, प्रोसेसरला मात्र युगासारखा वाटावा इतका आहे.

विसरणारी मेमरी

कच्ची वही म्हणजे मेमरी. एके काळी ती विसरभोळी नसायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये भारतीय बनावटीचा मोठा कॉम्प्युटर सुरू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडीत चुंबकत्वाची दिशा म्हणजे एक बिट. वीज गेली तरी दिशा तशीच राहायची.

मग स्वस्त आणि वेगवान मेमरी आली आणि तिच्यासोबत विसरभोळेपणाही आला. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये डीरॅमचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलने आपली पहिली डीरॅम चिप विकायला काढली. डीरॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विजेचा थेंब. तो थेंब गळतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. भरणारी वीज गेली की वही कोरी.

तिसरा दुवा १९८८ चा. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी एक निबंध मांडला. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडा आणि त्यातली एक मेली तर बाकीच्यांवरून तिचा मजकूर परत काढता येईल असा जादा हिशेब ठेवा. याला त्यांनी 'रेड' नाव दिलं. त्यातला 'आय' होता 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त. पुढे विकणाऱ्यांनी त्याचं 'इंडिपेंडंट' करून टाकलं. स्वस्त म्हणून महाग कसं विकणार!

पण रेडच्या पाचव्या प्रकारात, जो त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातही होता, छोटी नोंद लिहिणं महाग पडतं. जुना मजकूर वाचा, जुना जादा हिशेब वाचा, नवा मजकूर लिहा, नवा हिशेब लिहा. एका बिल्टीतला एक बदल आणि डिस्कच्या चार फेऱ्या. म्हणून कंट्रोलर कार्डावर थोडी डीरॅम बसवली गेली. तिला कॅश म्हणतात. गल्ल्यातल्या रोकडीशी तिचा संबंध नाही. नोंद आली की कार्ड ती कॅशमध्ये घेतं, वर सांगतं "लिहिलं" आणि डिस्कवर सवडीने उतरवतं. हे राइट-बॅक. याउलट डिस्कवर खरोखर उतरल्यावरच "लिहिलं" म्हणणं, हे राइट-थ्रू.

राइट-बॅकमधलं "लिहिलं" हे काही क्षणांपुरतं खोटं असतं. त्या खोट्याला तारण म्हणून कार्डाला बॅटरी जोडली. वीज गेली तरी ही बॅटरी फक्त त्या कॅशला जगवते, अनेक कार्डांवर सुमारे ७२ तास. वीज आली की कार्ड उरलेलं काम आधी पुरं करतं. तारण जागेवर नसेल, म्हणजे बॅटरी थकली, निखळली किंवा तापली, तर शहाणं कार्ड स्वतःच राइट-थ्रूवर जातं. मशीन हळू होतं, पण दिलेला शब्द खोटा ठरत नाही.

बॅटरी लिथियम-आयनची. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्या जनकांना मिळालं. आपल्या फोनमध्येही तीच असते. तिला उष्णता सोसत नाही. साधारण ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करू नये असा दंडक आहे. आणि मे महिन्यात नागपूरची बाहेरची हवाच ४५ अंशांच्या आसपास असते. डब्याच्या आत, ग्राफिक्स कार्डाला चिकटून बसलेल्या त्या बॅटरीचं काय होत असेल, याचा अंदाज करा. वरून पंख्यात रस्त्याची धूळ आणि ऑफिसातला कूलर दुपारी पाणी संपून कोरडा फिरणारा.

मी केलेली खूण

निदान बरोबर होतं. पुढे मी चूक केली.

नवी बॅटरी मागवली. यायला आठवडा होता. काका म्हणाले, "तोवर काही जुगाड नाही का? मालक रोज ओरडून रायले."

जुगाड होता. सेटिंगमध्ये एक पर्याय असतो: बॅटरी असो वा नसो, नेहमी राइट-बॅक. समोर स्पष्ट इशारा लिहिलेला असतो. मी मनात हिशेब केला. कॅशमध्ये फार तर काही सेकंदांचा मजकूर असतो. खाली यूपीएस आहे. आठवड्याचा तर प्रश्न. मी खूण केली. मशीन पळायला लागलं. काकांनी चहा पाजला.

आमची पिढी भारनियमनात वाढली आहे. २००५ च्या आसपास मी शाळेत होतो. वीज जाण्याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि त्याप्रमाणे गृहपाठ करायचा. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आमच्या एवढ्या जवळ आणि आम्ही मेणबत्तीत, असं मोठी माणसं चिडून म्हणायची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे रविवारचं माझं काम होतं. बॅटरीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. मे महिन्यातलं आमचं नेहमीचं: आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग वीज गायब. यूपीएसने एक लांब शिट्टी दिली आणि काही सेकंदांत मान टाकली. त्याचीही बॅटरी कधीचीच संपलेली होती, कोणी बघितलंच नव्हतं. वीज आली दुसऱ्या दिवशी सकाळी. कार्डावरच्या थकलेल्या बॅटरीने तोवर कॅश केव्हाच सोडून दिली होती.

गेलेला मजकूर काही सेकंदांचाच होता, माझा तेवढा हिशेब बरोबर निघाला. पण ते काही सेकंद डेटाबेसच्या अनुक्रमणिकेचे होते. पुस्तकातली शेवटची ओळ जाणं वेगळं आणि मधली शिवण उसवणं वेगळं. फाइल उघडेचना. आदल्या दिवशी सकाळी पेन ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप चढवला. म्हणजे आदला अख्खा दिवस गेला.

आणि रोकड जुळेना. गल्ल्यात ८,००० रुपये कमी.

मालकांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "मुनीमजी, कोणाले दिले?" त्या एका प्रश्नाने काकांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच आला असावा. मी बाजूला उभा होतो. म्हणालो, "चूक माझी आहे, सेटिंग मी बदललं." पण डीरॅम, कॅश, राइट-बॅक हे मालकांना त्या क्षणी कसं सांगणार? त्यांना एवढंच दिसत होतं की पैसे नाहीत आणि नोंदही नाही.

काकांनी खालचा खण उघडला. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही काढली. त्यात आदल्या दिवशीच्या सगळ्या बिल्ट्यांचे नंबर, नग आणि भाडं पेनने लिहिलेलं. दुपारच्या ओळीत एका गाडीचा नंबर, पुढे 'अॅडव्हान्स ८,०००' आणि ड्रायव्हरची सही. बिल्टी बुकातल्या कार्बन कॉपीही जागेवर होत्या. मालकांनी वही बघितली, मान हलवली आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. काका वाचत होते, मी टाइप करत होतो. मध्येच मी विचारलं, "कॉम्प्युटर असताना ही वही कशाला ठेवता?"

"घाईत असलो की पहिले इथंच लिहितो बेटा. मग सवडीनं मशीनमध्ये."

म्हणजे कार्ड जे करतं तेच. फरक इतकाच की काकांची कच्ची वही कागदाची होती. तिला बॅटरी लागत नव्हती.

दुरुस्ती

तुमच्यावर कधी ही वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी कार्डाची नोंदवही वाचा आणि बिघाडाच्या वेळा घड्याळाशी ताडून बघा. मग बॅटरीचं तापमान, व्होल्टेज आणि पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता मूळ क्षमतेशी ताडा. आमची निम्म्याहून खाली आली होती. तार नीट बसली आहे का तेही बघा. कार्ड अधूनमधून स्वतःच बॅटरी रिकामी करून पुन्हा भरतं आणि तिचा दम मोजतं. त्या काही तासांत मशीन हळू झालं तर तो बिघाड नव्हे.

नवी बॅटरी आल्यावर मशीन बंद करून ती बसवली. कार्ड ग्राफिक्स कार्डापासून लांबच्या खाचेत हलवलं, धूळ काढली, समोर एक पंखा लावला. पूर्ण चार्ज होऊन एक मोजणी पार पडेपर्यंत राइट-थ्रूवरच ठेवलं. यूपीएसची बॅटरीही बदलली. आणि ती खूण मी काढून टाकली. ते काम मी सगळ्यात आधी केलं होतं.

आता नव्या कार्डांवर ही भानगड कमी झाली आहे. २०१० च्या आसपासपासून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी येऊ लागली. वीज जाताच कपॅसिटरमधल्या तेवढ्याशा विजेवर कार्ड कॅशमधलं सगळं फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतं. मग वीज महिनाभर आली नाही तरी हरकत नाही. कच्ची वही पुन्हा वीज नसतानाही टिकणारी झाली, टिफ्रॅकच्या कड्यांसारखी.

यंदा एप्रिल संपता संपता काकांचा फोन आला. मशीन व्यवस्थित चालू होतं.

"उन्हाळा लागला बेटा. एकदा येऊन बॅटरी पाहून जा."

गेलो. बॅटरी ठीक होती. टेबलावर लाल वही उघडी होती आणि पानभर नोंदी झाल्या होत्या.