ठाण्याच्या चवीचा राखणदार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेरीच्या कामाला खेड्यापाड्यांतून माणसे येतच. त्यांना दुपारी स्वस्तात पोटभर काहीतरी लागे. मुर्डेश्वर कुटुंबाची ‘मामलेदार मिसळ’ याच गरजेतून उभी राहिली. तिचे नावसुद्धा शेजारच्या कचेरीवरून पडले.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेटमध्ये कारखाने वाढले आणि कामगारांच्या पाळ्यांवर उडप्यांची हॉटेले चालू लागली. तिथला दर्जा कोण सांभाळत होते? रोज त्याच टेबलावर बसणारा माणूस! सांबार पातळ झाले की तो गल्ल्यावर तोंडावर सांगे. चार दिवस आला नाही, तर मालक काय ते समजून जाई.

पुढे बरेच कारखाने बंद पडले, काही जागांवर आयटीची ऑफिसे आली. आम्ही इंजिनिअर मंडळी कँटीनमध्ये जेवतो, नाहीतर मोबाइलवरून मागवतो. पदार्थ आवडला नाही तर दोन तारे कमी देतो. मालकाला आमचा चेहरा कधी दिसतच नाही. नवे गिऱ्हाईक जाहिरातीने मिळते. चव मात्र रोजच्या गिऱ्हाइकाच्या धाकाने टिकते.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यानंतर जुन्या हॉटेलात फोटो जरूर काढू. पण जे अजून ठाण्यात आहेत त्यांनी अधूनमधून तिथे जाऊन बसावे, आणि रस्सा बिघडला असेल तर गल्ल्यावर स्पष्ट सांगावे.