भूमिकाधारित व्हिडिओ गेमच्या विकासातील खेळाडू-प्रतिसाद

भूमिकाधारित व्हिडिओ गेमच्या विकासातील खेळाडू-प्रतिसाद म्हणजे गेम पूर्ण होण्यापूर्वी तो खेळून पाहणाऱ्यांच्या मतांतून व वर्तनातून निर्मात्यांना मिळणारी, आणि गेममध्ये बदल घडवून आणणारी माहिती होय. भूमिकाधारित गेममध्ये (आरपीजी) खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो, त्या पात्राची कौशल्ये वाढवतो आणि कथेतील अनेक निर्णय स्वतः घेतो. निर्णयांच्या वाटा वाढत जातात तसे त्या सर्व वाटा निर्मात्यांनी स्वतः तपासणे अशक्य होत जाते. त्यामुळे या प्रकारच्या गेममध्ये बाहेरील खेळाडूंवरील अवलंबित्व मोठे असते. मात्र कथा आधीच उघड झाल्यास गेमचे बरेचसे आकर्षण संपते. किती दाखवावे आणि किती झाकून ठेवावे, हा पेच या प्रक्रियेच्या मुळाशी आहे.

स्वरूप

प्रतिसाद दोन मार्गांनी मिळतो. पहिला मार्ग म्हणजे खेळाडू जे सांगतात ते: प्रश्नावल्या, मुलाखती, तक्रारी. दुसरा म्हणजे खेळाडू प्रत्यक्षात जे करतात ते. कोणत्या लढाईत पात्र वारंवार मरते, कोणता संवाद वाचला जात नाही, खेळाडू कोठे गेम बंद करतो, याच्या नोंदी गेम स्वतःच निर्मात्यांकडे पाठवू शकतो. या दोहोंत पुष्कळदा विसंगती आढळते. एखादी लढाई अन्यायकारक असल्याचे खेळाडू सांगतो, पण नोंदींवरून असे दिसते की शेजारच्या उंचवट्यावर चढता येते हे त्याच्या ध्यानातच आलेले नसते. अशा वेळी शत्रू दुबळा करण्याऐवजी शिडीजवळ एक मशाल लावणे पुरेसे ठरते. तक्रार खरी असते. तिच्यासोबत सुचवलेला उपाय बरोबर असेलच असे नाही.

इतिहास

या प्रकाराचा उगम टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळ चालवणारा सूत्रधार समोर बसलेल्यांचे चेहरे पाहून कथा तेथल्या तेथे वळवू शकतो. संगणकावरील गेममध्ये ही सोय राहिली नाही. सर्व शक्यता आधीच लिहून ठेवाव्या लागल्या.

निर्मात्यांचा अंदाज किती चुकू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९७ चा 'अल्टिमा ऑनलाइन' हा बहुखेळाडू गेम. त्यात गवत, शाकाहारी प्राणी आणि त्यांवर जगणारे हिंस्र प्राणी अशी परस्परावलंबी कृत्रिम जीवसृष्टी रचण्याचा प्रयत्न झाला होता. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारण्याचा सपाटा लावल्याने ती टिकलीच नाही आणि ही व्यवस्था काढून टाकावी लागली. अनेक खेळाडूंना अशी व्यवस्था होती याचा पत्ताही लागला नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे नियम २०१२ पासून जाहीर चाचणीसाठी खुले होते. एक लाखाहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला आणि २०१४ मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध झाले.

बाल्डर्स गेट ३

याच पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजने 'बाल्डर्स गेट ३' हा गेम उभारला. ६ ऑक्टोबर २०२० रोजी तो 'अर्ली ॲक्सेस' पद्धतीने, म्हणजे अपूर्ण अवस्थेतच, विक्रीस आला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. मधल्या जवळपास तीन वर्षांत खेळाडूंना मुख्यतः पहिला अंकच खेळता येत होता.

या काळात झालेले बदल नेमके होते. आरंभी उंचावर उभे राहिल्यास हल्ल्याचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरता येत असे. त्यामुळे प्रत्येक लढाई टेकडी गाठण्याच्या शर्यतीत बदलली. पुढे हा लाभ कमी करून फाशाच्या आकड्यात २ मिळवण्यापुरता ठेवण्यात आला. सलग अपयश येत असल्याच्या तक्रारींनंतर यशापयशाच्या लांबलचक मालिका टाळणारा फाशांचा पर्याय देण्यात आला. अंतिम आवृत्तीत त्याला 'कार्मिक डाइस' म्हणतात. 'कर्म' या शब्दाचा हा प्रवास मराठी वाचकास गमतीचा वाटेल. गणिताच्या दृष्टीने मूळ फाशांत दोष नव्हता. खेळाडूंना न्याय्य वाटणारी यदृच्छा आणि खरी यदृच्छा या भिन्न गोष्टी आहेत, एवढेच त्यातून दिसले.

कथेतही फेरफार झाला. विल या सहकारी पात्राची कथा मोठ्या प्रमाणात नव्याने लिहिण्यात आली आणि त्याचा आवाजही बदलला. प्रसिद्धीनंतर मात्र इतर सहकाऱ्यांच्या तुलनेत त्याच्या वाट्याला कमी प्रसंग आल्याची टीका झाली. तसेच दीर्घकाळ तपासला गेलेला पहिला अंक सफाईदार ठरला, तर बहुतेकांनी प्रथमच पाहिलेल्या तिसऱ्या अंकात तांत्रिक दोष अधिक आढळले. कार्लाक या पात्राचा शेवट त्रोटक वाटल्याने तो ऑगस्ट २०२३ अखेरच्या सुधारणेत वाढवण्यात आला.

दुर्लक्षाचे परिणाम

'फायनल फँटसी १४' हा गेम सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मंद गती आणि क्लिष्ट मेनूंबद्दल चाचणीच्या काळातच नाराजी होती. प्रसिद्धीनंतर टीका इतकी वाढली की निर्मितीची सूत्रे नाओकी योशिदा यांच्याकडे देण्यात आली. जुना गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला. त्यातील जग कथेतच नष्ट होते असे दाखवून, नव्याने रचलेला गेम ऑगस्ट २०१३ मध्ये आणण्यात आला. इतका खर्च पेलणे मोठ्या कंपनीलाच शक्य असते.

महाराष्ट्रातील उदाहरण

लहान स्टुडिओची स्थिती पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या गेमवरून कळते. हा काटेकोर अर्थाने भूमिकाधारित गेम नसून कृती-साहस प्रकारातील आहे. पात्राच्या शक्ती वाढवण्याची सोय मात्र त्यात आहे. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणाऱ्या या कथेत राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाचा शोध घेते.

निर्मात्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवरून लोकवर्गणीचा प्रयत्न केला, परंतु उद्दिष्ट गाठले गेले नाही. लोकवर्गणी हाही एक प्रकारचा प्रतिसादच. पण पैसे न मिळण्याचे कारण गेममध्ये आहे, प्रसिद्धीत आहे की मागितलेल्या रकमेत, हे त्यावरून समजत नाही. काम पुढे चालू राहिले आणि गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर, तर ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या पुरस्काराचे नामांकनही त्यास मिळाले.

राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारी दृश्ये आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतील प्रसंग यांचे कौतुक झाले. लढाईतील अडखळलेपणा, संवादफेक आणि अचानक येणारा शेवट यांवर टीका झाली. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत लढाईची हाताळणी व कॅमेरा यांत बदल करण्यात आले आणि हिंदी संवादांची भर पडली. गेम आधीच विकत घेतलेल्यांना ही आवृत्ती विनामूल्य मिळाली.