गेज : एका काठीची कुळकथा

वाण्याच्या दुकानातलं लोखंडी वजन उलटं करून बघा. खाली एक खाच असते, तिच्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर वैधमापनवाल्यांचा छाप. वजनमापं अशी पडताळून छाप मारण्याला जर्मनमध्ये 'आइशन' म्हणतात आणि ते करणाऱ्या कचेरीला 'आइशआम्ट'. सुपरस्ट्रिंग सिद्धांतातलं 'गेज फील्ड' याच 'आइशन'च्या घरातलं आहे, हे लक्षात आलं तेव्हापासून 'गेज' या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

गेज म्हटलं की आपल्याला ब्रॉडगेज, नॅरोगेज आठवतं, आणि भौतिकीतला गेज रुळांवरूनच आला असं सांगणारेही भेटतात. मला ते मान्य नाही. रुळांमधल्या अंतराला जर्मन माणूस 'श्पूरवाइट' म्हणतो. गणितज्ञ हेरमान वाइलने 1918 मध्ये गेजची आपली कल्पना मांडली तेव्हा शब्द घेतला तो 'मासश्टाब'. मास म्हणजे माप, श्टाब म्हणजे काठी. अक्षरशः आपला मापदंड! पुढे त्याने 'आइश' पसंत केला आणि इंग्रजीत त्याचा गेज झाला.

'आइशन' लॅटिनमधल्या 'सारखं करणे' या अर्थाच्या धातूपासून आला, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो गेजवर. जुन्या उत्तरी फ्रेंचपर्यंत माग लागतो. तिथे काही कोशकार 'मूळ अज्ञात' लिहून थांबतात. काही जण आणखी मागे, फ्रँकिश भाषेतल्या 'गाल्गो'पर्यंत जातात. गाल्गो म्हणजे लांब काठी, खांब. फाशीच्या खांबाचा जर्मन 'गाल्गन' आणि इंग्रजी 'गॅलोज' त्याच कुळातले. हे फ्रँकिश रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, अभ्यासकांनी ते जुळवलेलं आहे. तरीही मी काठीच्या बाजूचा. इंग्रजीत पूर्वी गेज करणं हे मुख्यतः दारूच्या पिंपांचं काम होतं, आणि ते होई बुचाच्या भोकातून काठी घालून. लिंत्समध्ये 1613 साली खगोलशास्त्रज्ञ केप्लरने दुसऱ्या लग्नासाठी वाइन घेतली, तेव्हा विक्रेत्याने पिंपात काठी तिरकी सारली आणि ती किती आत गेली एवढ्यावरून दाम सांगितला. पिंपाचा आकार न बघता? केप्लरला हे इतकं खटकलं की 1615 मध्ये त्यावर त्याने पुस्तकच काढलं. ज्यांचा सगळा व्यवहार एका काठीवर चालतो, त्यांनी मोजण्यालाच काठीचं नाव दिलं असणार. आपण नाही का 'मापदंड' म्हणताना दंड विसरत?

वाइलचं म्हणणं असं, की मोजपट्टीची लांबी जागोजागी वेगळी ठरवायची मुभा द्या, त्यातून विद्युतचुंबकत्व आपोआप निघतं. आइनस्टाइनने लगेच अडवलं : मग वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या दोन अणूंच्या वर्णरेषा वेगळ्या पडतील, आणि तसं तर दिसत नाही. 1927 मध्ये फ्रिट्झ लंडनने दाखवलं की बदलते ती लांबी नव्हे, क्वांटम तरंगाची कला (फेज). 1929 मध्ये वाइलनेही तेच स्वीकारलं. लांबी गेली, शब्द राहिला. 1954 मध्ये यांग आणि मिल्स यांनी तो पुढे नेला. 1969 मध्ये पेटन आणि चॅन यांनी स्ट्रिंग सिद्धांतातल्या खुल्या, म्हणजे दोन टोकं मोकळी असलेल्या तंतूच्या टोकांना खुणा जोडल्या आणि गेज फील्ड टोकांवर येऊन बसलं.

मग 1989. दाई, ली आणि पोल्चिन्स्की यांनी वर्तुळात गुंडाळलेल्या मितीची त्रिज्या उलटी करून पाहिली, तर तंतूची टोकं एका पृष्ठाला चिकटली. हीच डी-ब्रेन. गेज फील्डचा त्या मितीतला घटक आता सांगू लागला ते ब्रेनचं ठिकाण! बंद तंतूंच्या भाषेत ब्रेनचं वर्णन करणारी जी सीमावस्था, तिच्यातही तो ठिकाण म्हणूनच येतो. ब्रेनच्या पृष्ठावरचं गेज फील्ड मात्र तिथे वेगळ्या रूपात भेटतं : डावीकडे आणि उजवीकडे जाणारे तरंग सीमेवर कसे जुळतील, ते या फील्डची तीव्रता ठरवते. आणि अवस्थेच्या पुढे जो गुणक लागतो तो बॉर्न आणि इन्फेल्ड यांनी 1934 मध्ये विद्युतचुंबकत्वासाठी लिहिलेलं वर्गमूळ.

ठिकाण म्हणजे अंतर, आणि अंतर मोजते ती काठी; म्हणून माझ्या मते इथे शब्द काठीकडे परतला. यावर आक्षेप येईल की वाइलची लांबी पट्टीची होती आणि ही ठिकाणाची, दोन्ही एक नव्हेत. आक्षेप रास्त आहे. गणितात त्या वेगळ्याच आहेत. पण दोन समांतर ब्रेनमध्ये ताणलेल्या तंतूकडे पाहा. त्याच्या सर्वांत हलक्या अवस्थेचं वस्तुमान म्हणजे तंतूचा ताण गुणिले ब्रेनमधलं अंतर. ब्रेन जवळ आणाल तसं ते घटत जातं. दोन्ही एकावर एक आल्या की ते शून्य होतं, आणि आधी जिथे दोनच वस्तुमानरहित गेज फील्डं होती तिथे चार होतात. म्हणजे गेज फील्डं किती, हे पुन्हा एका लांबीवरच ठरतं.